बाकावर नसलेला गायक

बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवर, कालव्यावरच्या पुलावर, २०१९ साली बसवलेला एक लांबलचक बाक आहे. त्यावर चार चेहरे आहेत: ऑझी ऑस्बोर्न, टोनी आयोमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड. १९६८ मध्ये याच शहराच्या अ‍ॅस्टन भागात जमलेला ‘ब्लॅक सॅबथ’ हा बँड म्हणजे हे चौघे, असं शहराने ठरवून टाकलं आहे. इंग्लंडात राहत असाल तर कधीतरी तुम्हीही तिथे बसून फोटो काढला असेल.

या बाकावर नसलेल्या एका माणसाबद्दल मला लिहायचं आहे. त्याचं नाव टोनी मार्टिन. तोही बर्मिंगहॅमचाच. ब्लॅक सॅबथच्या नावावर निघालेल्या पाच स्टुडिओ अल्बममध्ये तो गायला आहे: ‘द इटर्नल आयडॉल’ (१९८७), ‘हेडलेस क्रॉस’ (१९८९), ‘टिर’ (१९९०), ‘क्रॉस पर्पजेस’ (१९९४) आणि ‘फॉरबिडन’ (१९९५). रॉनी जेम्स डिओ हा ऑझीनंतरचा सर्वांत गाजलेला गायक, पण याच नावाखालचे त्याचे स्टुडिओ अल्बम तीन. म्हणजे नुसती मोजदाद केली तर ऑझीच्या खालोखाल मार्टिन येतो. तरीही बँडचा इतिहास सांगणारे बहुतेक जण १९८१ वरून उडी मारतात ते थेट १९९७ च्या पुनर्मीलनावर येतात. आपल्याकडे नाही का, थोरल्या बाजीरावांना अख्खा अध्याय आणि उत्तर पेशवाईला दोन परिच्छेद, तेही हळहळ व्यक्त करण्यापुरते!

ही उडी का मारली जाते, याचं एक उत्तर सोपं आहे. त्या काळात बँडची अवस्था खरोखर वाईट होती. १९७९ मध्ये ऑझीला काढलं, डिओ आला आणि गेला, १९८३ मध्ये ‘डीप पर्पल’चा इयन गिलन एका अल्बमपुरता आला. १९८६ चा ‘सेव्हन्थ स्टार’ तर आयोमीने एकट्याच्या नावाने काढायला घेतला होता. वेष्टनावर बँडचं नाव नंतर आलं. ‘द इटर्नल आयडॉल’ रे गिलन नावाच्या गायकाने गाऊन झाला, मग तो निघून गेला आणि मार्टिनला बोलावून तीच गाणी पुन्हा गाऊन घेतली. मार्टिनचा प्रवेश हा असा, दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून. त्याच वर्षी बँड वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत, सन सिटीला, जाऊन वाजवून आला. सांस्कृतिक बहिष्काराच्या ऐन काळात केलेली ही गोष्ट नामुष्कीचीच होती, आणि मार्टिन-पर्वाची बाजू मांडणारे चाहते ती हळूच वगळतात हे मला पटत नाही.

पण दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते संगीताचं नाहीच. ते गोदामाचं आहे. ‘हेडलेस क्रॉस’पासूनचे मार्टिनचे चारही अल्बम आय.आर.एस. रेकॉर्ड्स या कंपनीने काढले. ही कंपनी १९९६ मध्ये बंद पडली. हक्क दुसरीकडे गेले, सीड्या हळूहळू दुकानांतून गेल्या आणि पुढे स्ट्रीमिंगचा जमाना आला तेव्हा हे अल्बम तिथे पोहोचलेच नाहीत. ज्या पिढीने बँडची ओळख फोनवर करून घेतली, तिच्यासाठी ही वर्षं अस्तित्वातच नव्हती. लोकांनी ऐकून नाकारलं, असं आपण सहज म्हणून जातो. पण नाकारायला आधी ऐकायला तर मिळालं पाहिजे. दफ्तरखान्यात काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. कागद टिकला तो माणूस मोठा, आणि ज्याच्या कागदांना वाळवी लागली तो किरकोळ.

गंमत म्हणजे माझ्यासारख्यांना हे अल्बम भारतात ऐकायला मिळाले, आणि तेही चोरीच्या वाटेने. पुण्यात हॉस्टेलच्या लॅनवर कुणीतरी बँडच्या नावाचं एक फोल्डर ठेवलं होतं. आत १९७० पासूनचे सगळे अल्बम सालवार. कोणता नावाजलेला, कोणता पडलेला, याची कुठे खूण नाही. त्यामुळे ‘पॅरानॉइड’ आणि ‘टिर’ मी एकाच आठवड्यात, सारख्याच कोऱ्या कानांनी ऐकले. दुसरा अल्बम ‘वाया गेलेल्या काळातला’ आहे, हे मला इथे येऊन, इंग्लंडातल्या जाणकारांकडून कळलं. तुमच्यापैकी माझ्या वयाच्या अनेकांचं असंच झालं असेल.

‘हेडलेस क्रॉस’ हे नाव भुताखेतांचं वाटतं, पण ते खरं गाव आहे: बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिच, त्याचा एक भाग. (हे रेडिच म्हणजे सुया बनवणारं आणि रॉयल एनफील्ड जिथे जन्मली ते शहर. आपल्या बुलेटचं माहेर.) या अल्बमवर ड्रमवर कोझी पॉवेल आहे आणि ‘व्हेन डेथ कॉल्स’मध्ये ‘क्वीन’चा ब्रायन मे गिटार वाजवून गेला आहे. मार्टिनचा आवाज उंच, स्वच्छ, जवळजवळ प्रार्थनागृहात गायल्यासारखा. ऑझीचं कण्हणं त्यात नाही आणि डिओची ललकारी थोडीशी आहे. शब्द मात्र सैतानाने खचाखच भरलेले. ते फारच उघडं झालं आणि पुढच्या वेळी जरा आवर घाल असं त्याला सांगितलं, असं आयोमीने आत्मचरित्रात लिहिलं आहे. म्हणून ‘टिर’मध्ये नॉर्स देव आले. आता टिर हा देव कोण? फेनरिर लांडग्याला बांधता यावं म्हणून त्याच्या जबड्यात हात ठेवणारा आणि तो हात गमावणारा. आयोमीने सतराव्या वर्षी कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावली होती, आणि त्या बोटांवर घरी बनवलेली टोपणं चढवून तो आयुष्यभर वाजवत राहिला. हे नाव निवडताना कुणाच्या मनात ते होतं की नाही, कोण जाणे. मला मात्र तो अल्बम ऐकताना दर वेळी आठवतं.

अमेरिकेत तेव्हा या बँडला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. तिथला दौरा मध्येच गुंडाळावा लागला. पण १९८९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, बर्लिनची भिंत नुकती पडत असताना, हीच मंडळी मॉस्को आणि लेनिनग्राडमध्ये कार्यक्रमांवर कार्यक्रम करत होती. ‘टिर’ ब्रिटनच्या यादीत २४ व्या क्रमांकावर गेला. पडता काळ कुणाच्या नजरेतून, हा प्रश्न इथे विचारायला हवा. लॉस एंजेलिसच्या हिशेबात जे संपलं होतं, ते लेनिनग्राडच्या श्रोत्याच्या आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच सुरू होत होतं.

पुढे डिओ परतला, मार्टिन बाहेर. डिओ पुन्हा गेला, मार्टिन आत. ‘क्रॉस पर्पजेस’ मला या साऱ्यांत सर्वांत कमी लेखलेला वाटतो; गीझर बटलर परत आल्यामुळे तळाचा आवाज भरदार झाला आहे. ‘फॉरबिडन’चं काय करायचं, हा अवघड प्रश्न. रॅप-मेटलच्या नादात निर्माता म्हणून ‘बॉडी काउंट’च्या अर्नी सी.ला बोलावलं, एका गाण्यात आइस-टी येऊन बोलून गेला, आणि ऐकताना सगळे एकमेकांना अडखळतात. त्यानंतर दोन वर्षांनी मूळ मंडळी एकत्र आली आणि मार्टिनचा विषय संपला. २००६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने फक्त मूळ चौघांना घेतलं. ५ जुलै २०२५ ला व्हिला पार्कवर निरोपाचा कार्यक्रम झाला, तेव्हाही मंचावर तो नव्हता. दोनच आठवड्यांनी ऑझी गेला, आणि त्या पुलावरचा बाक फुलांनी झाकला गेला.

या दोन्हींच्या मध्ये, ३१ मे २०२४ ला, ‘अ‍ॅनो डॉमिनी १९८९–१९९५’ हा संच निघाला: आय.आर.एस.च्या काळातले मार्टिनचे चारही अल्बम एकत्र. अचानक जुने चाहते पुन्हा ऐकू लागले आणि नवे पहिल्यांदा. काही जण तर आता ‘हेडलेस क्रॉस’ला सत्तरच्या दशकातल्या अल्बमांच्या रांगेत बसवतात. हे मला जास्तच वाटतं. दुर्लक्ष झालं म्हणून एखादी गोष्ट थोर ठरत नाही. त्यातली दोन-तीन गाणी नुसती भरती आहेत.

या संचासाठी आयोमीने ‘फॉरबिडन’चं स्वतः नव्याने मिक्सिंग केलं. गिटार पुढे आली, ड्रम मोकळे झाले, ऐकायला नक्कीच बरं वाटतं. पण १९९५ मध्ये लोकांनी ज्यावर नाक मुरडलं, तो अल्बम हा नव्हे. तेव्हा तुमच्या माळ्यावरच्या खोक्यात जुनी सीडी पडली असेल, तर नवा संच आला म्हणून ती चॅरिटी शॉपला देऊन टाकू नका.