भंगाराने निवडलेली गाडी

हॉट रॉडसाठी, म्हणजे फेरफार करून वेगवान करण्यासाठी, पहिलीच जुनी गाडी शोधणाऱ्या नवख्याला अमेरिकेतले मुरलेले मिस्त्री साधारण एकच सांगतात: देखणी राहू दे, मुबलक मिळते ती घे. चासी बॉडीपासून सुटी होणारी हवी, बॉनेटखाली दोन्ही हात शिरायला हवेत आणि तुटलेला भाग आठवडाभरात दारात यायला हवा. या सल्ल्याचं मूळ शोधायला गेलं की आपण 1920 च्या दशकातल्या दक्षिण कॅलिफोर्नियात पोचतो, खिशात दमडी नसलेल्या पोरांच्या अंगणात.

त्या पोरांना निवड अशी नव्हतीच. 1908 ते 1927 या काळात फोर्डने दीड कोटीवर मॉडेल टी गाड्या बनवल्या. साहजिकच भंगारात ढीग तिचाच. इंजिन 2.9 लिटरचं आणि ताकद जेमतेम 20 अश्वशक्ती, पण रचना इतकी सोपी की ज्याला पाना धरता येतो त्याने ती खोलावी. मडगार्ड, टप, पायफळ्या काढून टाकल्या की वजन घटे आणि वजन घटलं की वेग वाढे. ही युक्ती फुकटची होती. मग कोणी कोणी पैसे साठवून वेगळं सिलिंडर हेड बसवी. गंमत म्हणजे फोर्डसाठीची नावाजलेली 'फ्रंटेनॅक' हेड्स लुई शेव्हर्ले आणि त्याचे भाऊ बनवत. ज्याच्या नावाची गाडी फोर्डशी झुंजत होती, तो स्वतः कधीच त्या कंपनीतून बाहेर पडला होता.

1927 च्या डिसेंबरात मॉडेल ए आली. 40 अश्वशक्ती, नेहमीसारखा तीन गिअरचा गिअरबॉक्स, चारही चाकांना ब्रेक. चार वर्षांत जवळपास 50 लाख गाड्या. नवख्याची गाडी म्हणून तिचं नाव आजही निघतं, ते या आकड्यामुळे.

मग त्याच काळातली शेव्हर्ले का नाही? तीही स्वस्त होती, आणि 1929 पासून तिला सहा सिलिंडरही होते. अडचण पत्र्याच्या आत होती. जनरल मोटर्सच्या बॉडीत 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाकडी सांगाडा असे. लाकूड कुजलं की दार लोंबकळतं, आणि तो सांगाडा नव्याने घडवायला मिस्त्रीबरोबर सुतारही लागतो. फोर्डने लाकूड बरंच कमी केलं होतं. जुनी गाडी बघायला जाणारा जाणकार आजही दार उघडून किंचित वर उचलतो. दार हललं तर बिजागरी झिजली आहे किंवा आतलं काहीतरी गेलं आहे, आणि दुसऱ्याची शक्यता असेल तर तो नमस्कार करून निघतो.

1932 च्या मार्चअखेर हेन्री फोर्डने व्ही-8 बाजारात आणली: 3.6 लिटर, 65 अश्वशक्ती, आणि उघड्या रोडस्टरची किंमत 460 डॉलर. आठ सिलिंडर तोवर श्रीमंतांच्या गाडीत असत. हे इंजिन निर्दोष मुळीच नव्हतं. त्यातला जळका वायू ब्लॉकमधूनच वाट काढत बाहेर पडतो, त्यामुळे ते तापतं आणि ब्लॉकला तडे जाणं हे त्याचं जुनं दुखणं. तरीही पोरांनी त्यालाच उराशी धरलं, कारण अपघातात मोडलेल्या व्ही-8 लवकरच भंगारात येऊ लागल्या. त्यातलं इंजिन काढून मॉडेल ए मध्ये टाकायचं. ते जमायचं, कारण 1948 पर्यंत फोर्डने पुढे एक आणि मागे एक आडवा पाटा ही घडण सोडलीच नाही. 1939 पासून आलेले हायड्रॉलिक ब्रेकही थोड्या फेरफारात जुन्या ॲक्सलवर चढत. हेन्रीच्या हट्टीपणाचा असा फायदा त्याच्या कंपनीपेक्षा या पोरांना जास्त झाला असावा.

या गाड्या पळायच्या मोहावी वाळवंटातल्या म्युरॉक नावाच्या कोरड्या तळ्यात. तिथे आता एडवर्ड्स हवाई तळ आहे. 1937 मध्ये क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापली. व्हिक एडलब्रॉक नावाचा मिस्त्री आपल्या 1932 च्या रोडस्टरवर प्रयोग करत होता. 1938 मध्ये त्याने बनवलेल्या मॅनिफोल्डपासून विकत मिळणाऱ्या 'स्पीड पार्ट्स'चा मोठा धंदा उभा राहिला. 1948 च्या जानेवारीत 'हॉट रॉड' मासिक निघालं. पोस्टाने भाग मागवता येऊ लागले, तसा गावाकडचा पोरगाही या खेळात आला. नवख्यासाठी भंगाराइतकाच कॅटलॉग महत्त्वाचा ठरला तो इथून.

1955 मध्ये शेव्हर्लेचं छोटं व्ही-8 आलं आणि फोर्डच्या इंजिनाची सद्दी संपली. 4.3 लिटर, सुरुवातीला 162 अश्वशक्ती, आणि कंपनीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षाही हलकं. पुढची कित्येक दशकं तेच कुळ चालू राहिल्याने ते टीसारखंच मुबलक झालं. फोर्डच्या पोटात शेव्हर्लेचं इंजिन घालणं काही कट्टर मंडळींना अजून रुचत नाही, पण नवख्याने त्यांचं ऐकू नये.

(आपल्याकडे हे सगळं लांबून बघायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांच्यामुळे कंपनीच्या मूळ घडणीत मनासारखा फेरफार करून गाडी रस्त्यावर आणणं अवघड आहे.)

1932 च्या फोर्डचं मात्र विचित्र झालं. स्वस्त म्हणून उचललेली ती गाडी आता संग्राहकांची झाली. मूळ पत्र्याची चांगली बॉडी नवख्याच्या आवाक्याबाहेर गेली, इतकी की ओहायोतल्या ब्रुकव्हिल इथे तिच्या नव्या पोलादी बॉड्या बनवून विकल्या जातात. 1955 ते 57 च्या शेव्हर्ले आणि पहिल्या मस्टँग त्याच वाटेने गेल्या.

म्हणून आज कोणी विचारलं तर मी 1967 ते 72 चा शेव्हर्ले सी-10 पिकअप सांगेन. तोही महागतो आहे, पण कामाची गाडी म्हणून तो ढिगाने बनला, चासी सुटी आहे, इंजिनाभोवती उभं राहता येईल इतकी जागा आहे आणि जवळपास प्रत्येक भाग कॅटलॉगात आहे. घेताना पुढच्या मडगार्डचा मागचा कोपरा, केबिनचे खालचे कोपरे आणि फरशी ठोकून बघावी, तिथला गंज रंगाखाली लपवलेला असतो. कागदपत्रांवरचा नंबर चासीशी जुळतो का, तेही आधीच बघावं. आणि पिकअपची एक सोय कुठल्याच रोडस्टरला नाही: जुन्या इंजिनावर चालत तो भंगारापर्यंत जातो आणि नवं इंजिन स्वतःच पाठीवर घालून घरी आणतो.