आठ भयांतून तारणारा अवलोकितेश्वर

महायान बौद्ध परंपरेत इतरांच्या दुःखमुक्तीसाठी स्वतःचे निर्वाण लांबणीवर टाकणाऱ्यास बोधिसत्त्व म्हणतात. त्यांतील अवलोकितेश्वर हा करुणेचे मूर्तरूप. त्याचे एक भव्य उभे शिल्प छत्रपती संभाजीनगरजवळील औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात आहे. हे लेणे सुमारे सहाव्या शतकातील.

व्हरांड्यातील दाराच्या डावीकडे बोधिसत्त्व उभा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस चार-चार लहान दृश्ये कोरली आहेत. आग, शत्रूची तलवार, बेड्या, बुडते जहाज, सिंह, सर्प, पिसाळलेला हत्ती आणि साक्षात मृत्यू, अशी ही आठ महाभये. संकटात सापडलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत.

यांतील जहाज विशेष लक्ष वेधते. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर! परंतु दख्खनचा माल घाट उतरून सोपारा, कल्याणच्या बंदरांकडे जात असे, आणि विहारांना दान देणाऱ्यांत व्यापारीही असत. वाटेतील लुटारू व वादळे हे त्यांचे रोजचे भय होते. ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्रातही अवलोकितेश्वराचे नाव घेणारा व्यापारी तांडा लुटारूंपासून वाचतो, असे सांगितले आहे.

अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यातही हाच विषय कोरलेला आहे. अजिंठ्याची बरीच लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातील असून त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या वऱ्हाडातील वाशीम. औरंगाबाद लेणी बीबी का मकबऱ्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर आहेत. मकबरा पाहून परतणाऱ्यांनी तेवढी वाट अवश्य वाकडी करावी.