एका दुकानदाराचें कुटुंब

आंतोन चेकॉव्हच्या कथा मराठी वाचकाला नवीन नाहींत. त्याच्या बापाविषयीं मात्र वाचकाला बहुधा एकच गोष्ट ठाऊक असते : तो मुलांना मारीत असे. गोष्ट खरी आहे. पण ज्या हातानें ती मारहाण केली तो हात एका गुलामाच्या मुलाचा होता, हें सहसा कोणी सांगत नाहीं. म्हणून आज मी मुलाला बाजूस ठेवून बापाची हकीकत सांगणार आहें.

पाव्हेल येगोरोविच चेकॉव्ह याचा जन्म १८२५ चा. रशियाच्या व्होरोनेझ प्रांतांत ओल्खोवात्का नांवाचें गांव आहे. तेथील एका बड्या जमीनदाराचें हें कुटुंब भूदास होतें. गुराढोरांप्रमाणें भूदासाचीही गणना धन्याच्या मालमत्तेंत होई. पाव्हेलचा बाप येगोर मोठा हिकमती आणि काटकसरी. त्यानें पैपै जमवून १८४१ सालीं ३,५०० रुबल धन्याच्या पदरांत टाकले आणि स्वतःला, बायकोला व तिघां मुलग्यांना सोडवून घेतलें. मुलीपुरते पैसे उरले नव्हते. तेव्हां धन्यानें ती वर घातली; आपल्याकडे भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर घालते तशी. वीस वर्षांनीं, १८६१ सालीं, बादशहानें भूदासपद्धति मोडली. पण त्या वेळीं पाव्हेल छत्तीस वर्षांचा झाला असता आणि दुकान थाटण्याचें त्याचें वय निघून गेलें असतें.

मुलाला व्यापार शिकविण्यासाठीं येगोरनें त्यास टागानरोगला एका व्यापाऱ्याकडे चाकरीस ठेवलें. अझॉव्ह समुद्राच्या कांठचें हें लहानसें बंदर तेव्हां गव्हाच्या निर्यातीवर भरभराटलेलें होतें आणि तो व्यापार बव्हंशीं ग्रीक पेढ्यांच्या हातीं होता. पाव्हेलनें तेथें अनेक वर्षें गुमास्तेगिरी केली, १८५४ सालीं एका कापडवाल्याच्या पोरक्या मुलीशीं लग्न केलें आणि १८५७ सालीं स्वतःचें दुकान उघडलें.

दुकान किराण्याचें. चहा, साखर, कॉफी, साबण, तेल, मासळी, औषधें आणि शिवाय दारू, असें सर्व कांहीं त्यांत मिळे. दुकानांत दोन खेडवळ पोरें बिनपगारी उमेदवारी करीत, आणि त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठीं घरच्या मुलांना गल्ल्यावर बसावें लागे. एकदां तेलाच्या पिंपांत उंदीर बुडून मेला. पाव्हेल हा कमालीचा धर्मनिष्ठ. त्यानें तेल फेकून दिलें नाहीं आणि ती गोष्ट लपवूनही ठेवली नाहीं. धर्मगुरूला बोलावून प्रार्थनापूर्वक त्या तेलाची शुद्धि करविली. गावांत बोभाटा झाला, आणि शुद्ध झालेलें तेल कोणी घेईना ! ही कथा थोरला मुलगा अलेक्झांडर यानें लिहून ठेवली आहे. त्याच्या आठवणी धाकट्या भावंडांना अतिरंजित वाटत. पण ही आठवण मला खोटी वाटत नाहीं. प्रामाणिकपणा आणि व्यवहारशून्यता एकाच माणसांत नांदूं शकतात.

खरें म्हणजे त्याचा जीव दुकानांत नव्हताच. तो देवादिकांचीं चित्रें काढी, स्वतः शिकून सारंगीसारखें तें व्हायोलिन वाजवी आणि चर्चमधील गायकवृंद चालवी. त्या गायनासाठीं मुलांना पहाटे अंथरुणांतून उठवी. मुलांना त्या गायनाचा वीट आला. श्रोत्यांना मात्र हीं मुलें देवदूतांसारखीं वाटत. व्यापारांत आपल्याला न लाभलेलें यश मुलांना लाभावें म्हणून त्यानें निकोलाय व आंतोन यांस ग्रीक शाळेंत घातलें; ग्रीक पेढीवर कारकुनी मिळेल, हा हिशेब. वर्ष फुकट गेलें. मग मुलें सरकारी विद्यालयांत गेलीं, आणि चेकॉव्ह घराण्याचें भवितव्य तेथें घडलें.

इकडे बंदर गाळानें उथळ होत चाललें होतें. रेल्वे आल्यावर गव्हाचा ओघ रोस्टोव्हकडे वळला. अशा वेळीं पाव्हेलनें कर्ज काढून स्वतःचें घर बांधलें. ५०० रुबलांचा हप्ता फिटेना, आणि १८७६ सालीं दिवाळखोराच्या तुरुंगाच्या भीतीनें तो चोरून मॉस्कोस पळाला. घरांतीलच एका भाडेकरूनें तें कर्ज फेडलें आणि घर आपल्या नांवावर करून घेतलें. सोळा वर्षांचा आंतोन त्याच घरांत, त्याच माणसाच्या पुतण्याची शिकवणी करीत, परीक्षेपर्यंत तीन वर्षें राहिला. ‘चेरीची बाग’ या त्याच्या नाटकांत भूदासाचा मुलगा जुन्या धन्याची बाग विकत घेतो. तो प्रवेश लिहितांना लेखकाला स्वतःचें घर आठवलें नसेल काय?

मॉस्कोस एका व्यापाऱ्याच्या वखारींत पाव्हेलला महिना ३० रुबलांची नोकरी मिळाली. तीसच रुबल, पण त्यानें भिंतीवर घरच्यांच्या कामांचें वेळापत्रक शिक्षेच्या तपशिलासह टांगलें. सत्ता गेलेल्या धन्याचें हें शेवटचें फर्मान वाचून मुलें हंसलीं. थोड्याच वर्षांत घरखर्चाचा भार आंतोनवर पडला आणि कर्तेपण आपोआप त्याच्याकडे आलें. १८८९ च्या जानेवारींत त्यानें अलेक्झांडरला एक कठोर पत्र लिहिलें. स्वतःच्या बायकामुलांशीं उद्दामपणें वागणाऱ्या त्या भावाला त्यानें बजावलें कीं, जुलूम आणि असत्य यांनीं आपल्या आईचें तारुण्य नासलें, हें तूं विसरूं नकोस. बापाला त्यानें क्षमा केली नाहीं, पण त्याला घराबाहेरही काढलें नाहीं.

१८९२ मध्यें आंतोननें मेलिखोव्हो येथें जमीन विकत घेतली, आणि भूदास म्हणून जन्मलेला म्हातारा त्या वाड्यांत राहूं लागला. तेथें त्यानें रोजनिशी ठेवली : हवा कशी, पाहुणे कोण आले, कोण गेले. दुकानाच्या वहीसारखीं त्रोटक टिपणें. १८९८ च्या ऑक्टोबरांत पुस्तकांची जड पेटी उचलतांना त्याला इजा झाली, आणि मॉस्कोस शस्त्रक्रियेनंतर तो मरण पावला. क्षयग्रस्त आंतोन त्या वेळीं दूर याल्टाला होता. पुढल्याच वर्षीं त्यानें मेलिखोव्हो विकून टाकलें. १९०४ सालीं तो वारला, तेव्हां मॉस्कोच्या नोव्होदेविची मठांत बापाच्या शेजारींच त्याला पुरलें.