‘पेट्रेल’: नाव मासेमारीचे, काम शिकारीचे

जहाजांच्या इतिहासाचे औपचारिक शिक्षण मला नाही. नोकरी सांभाळून मिळेल ते वाचत गेलो, वह्या भरत गेलो. त्यातल्या एका वहीत ‘पेट्रेल’ या जुन्या वाफेच्या बोटीपुढे मी ‘मासेमारी’ असे लिहून ठेवले होते. ही नोंद चुकीची होती. ती का चुकली, हे सांगण्यासाठीच हा लेख.

दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटावर, ग्रिटविकेनच्या किनाऱ्याला ही बोट आज गंजत उभी आहे. तिथला तळ नॉर्वेच्या कार्ल अँटन लार्सन यांनी १९०४ मध्ये उभारला. कंपनी ब्युनोस आयर्सची. तिच्या स्पॅनिश नावाचा सरळ अर्थ ‘अर्जेंटिनाची मासेमारी कंपनी’. मी फसलो तो इथे. कंपनीचा खरा धंदा होता व्हेलच्या तेलाचा. साबण, मार्गारीन आणि स्फोटकांसाठी लागणारे ग्लिसरीन यांसाठी या तेलाला मोठी मागणी होती. व्हेल हा पिलांना दूध पाजणारा प्राणी. पण आपली भाषाही त्याला ‘देवमासा’च म्हणते.

‘पेट्रेल’ १९२८ मध्ये ऑस्लोत बांधली गेली. लांबी सुमारे ३५ मीटर. अशा बोटींवर तोफ डागणारा बहुधा कप्तानच असे. व्हेल दिसला की ब्रिजवरून उतरायचे, ओल्या डेकवरून धावायचे आणि नाळेवरच्या तोफेपाशी पुन्हा चढायचे. ‘पेट्रेल’वर ब्रिजपासून तोफेपर्यंत थेट अरुंद पूल बांधला गेला, असा पूल असलेली ती पहिली शिकारी बोट मानली जाते. वाचले ते काही क्षणच, पण शिकार साधणार की निसटणार हे त्या क्षणांवरच ठरे. हार्पूनच्या टोकाचा बाँब व्हेलच्या शरीरात फुटे. मग तो बुडू नये म्हणून त्यात हवा भरत आणि ओढत तळावर नेत.

१९५६ मध्ये तिचे काम बदलले. ती हत्ती सीलच्या शिकारीला लागली. माणसे छोट्या होडीतून किनाऱ्यावर उतरत, अवाढव्य नरांना पाण्याच्या कडेला हाकत, गोळी घालत आणि तिथेच चरबी सोलून बोटीवर आणत. पुलाची ती घाई आता उरली नव्हती.

या धंद्याला मात्र परवान्यांचा लगाम होता. फक्त प्रौढ नर मारायचे. किनाऱ्याचे चार भाग करून दरवर्षी एकाला विश्रांती द्यायची. व्हेलच्या वाट्याला असा संयम वेळेवर आला नाही. १९०४ ते १९६५ या काळात साउथ जॉर्जियात १,७५,२५० व्हेल कापले गेले. व्हेल सरले तसे तळाचे गणित कोसळले आणि त्याच्याच कढयांवर चालणारी सीलची शिकारही १९६४ मध्ये थांबली. नियमांत चाललेला धंदा बेलगाम धंद्याबरोबर बुडाला.

२०२० च्या पाहणीत या बेटाभोवती ५५ निळे व्हेल दिसले. ही बातमी वाचली त्या दिवशी मी जुनी वही काढली, ‘मासेमारी’ हा शब्द खोडला आणि त्याजागी ‘शिकार’ लिहिले.