तें आणि ते

गेल्या पावसाळ्यात ऑफिसमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. वेळेत सापडली, पैशाचं नुकसान झालं नाही. पण त्या चुकीने मला थेट आजोबांच्या हिशेबाच्या वहीपाशी नेऊन उभं केलं. तिथेही मी हेच केलं होतं, आणि ते कळायला जवळजवळ वीस वर्षं गेली.

आधी ऑफिसचं सांगतो. आमचं काम कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमचं. तो रस्ट भाषेत लिहिलेला आहे. मोठा प्रोग्रॅम एका फायलीत मावत नाही, म्हणून त्याचे कप्पे करतात. त्यांना मॉड्यूल म्हणायचं. एका कप्प्यातली वस्तू दुसऱ्या फायलीत हवी असेल तर वर ‘यूज’ अशी ओळ लिहून ती आयात करायची. कप्प्यांना नावं काय द्यायची आणि आयात कशी लिहायची, यावरून प्रोग्रॅमर मंडळी किती भांडतात ते बाहेरच्याला सांगून पटणार नाही. दिवाळी अंकाच्या संपादकाने लेखकाचं शुद्धलेखन बदललं की जे होतं, तेच!

ही भांडणं मिटवायला यंत्र बसवायची पद्धत जुनी आहे. 1978 साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतला कोड तपासणारा एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘लिंट’. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक तंतू. कपडा फाटलेला नसतो, पण झटकलेला बरा. पुढे अशा सगळ्याच तपासनिसांना लिंट म्हणू लागले.

रस्टचा असा तपासनीस म्हणजे क्लिपी. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये न विचारता सल्ला द्यायला येणारी ती डोळे मिचकावणारी क्लिप आठवते? नाव तिच्यावरून. आणि गंमत म्हणजे ही क्लिपी आपल्या शेजारची. 2014 मध्ये तिची सुरुवात केली ती तेव्हा आयआयटी मुंबईत शिकणाऱ्या मनीष गोरेगावकर यांनी. रस्टची 1.0 आवृत्ती यायची होती तेव्हा. ती आली 15 मे 2015 रोजी.

क्लिपीच्या नियमांत एक नियम आहे, त्याचं जुनं नाव होतं ‘स्टटर’, म्हणजे तोतरेपणा. ‘इंटरेस्ट’ नावाच्या कप्प्यात ‘इंटरेस्ट_रेट’ नावाची वस्तू ठेवली, की पूर्ण नाव होतं ‘इंटरेस्ट::इंटरेस्ट_रेट’. एकच शब्द दोनदा. क्लिपी म्हणते, नुसतं ‘रेट’ म्हणा की. दुसरा नियम आयातीचा: कप्प्यातलं सगळंच्या सगळं तारा काढून उचलून आणू नका, काय हवं ते नाव घेऊन सांगा.

दोन्ही नियम मला मनापासून पटले. मी आमच्या जुन्या कोडवर ते लावले आणि शनिवार-रविवार बसून सगळा कोड ‘शुद्ध’ केला. ‘इंटरेस्ट_रेट’चा झाला ‘रेट’. कराच्या कप्प्यातला ‘टॅक्स_रेट’, त्याचाही ‘रेट’. जिथे दोन्ही एकाच फायलीत आले तिथे कम्पायलरने आरडाओरडा केला, ते दुरुस्त केले. एका फायलीत मात्र एडिटरने दोन ‘रेट’ सुचवले आणि मी चुकीचा निवडला. व्याजाच्या जागी कर. दोन्ही आकडेच, त्यामुळे कम्पायलर गप्प. चाचणीत दोन्ही दर योगायोगाने 18 टक्के, त्यामुळे चाचणीही गप्प. नव्या कर्जयोजनेचा दर भरताना एका नवख्या मुलीच्या लक्षात आलं. ‘सर, इथे व्याज बदलतच नाहीये.’

मग मी शांतपणे वाचायला बसलो. म्हणजे जे आधी करायला हवं होतं ते. तोतरेपणाचा तो नियम क्लिपी आपणहून लावत नाही. तो ‘पेडँटिक’ गटात ठेवलेला होता, पुढे त्याहून कडक, मागितल्याशिवाय न मिळणाऱ्या गटात गेला. आणि त्याला एक जोडीदार आहे. रस्टच्या अधिकृत पुस्तकात सांगितलंय की फंक्शन आयात करताना नुसतं फंक्शन आणू नये, त्याचा कप्पा आणावा आणि ‘इंटरेस्ट::रेट’ असं कुळासकट बोलावावं. नाव आखूड करायचं ते या भरवशावर. मी अर्धाच नियम पाळला होता.

रस्टवाल्यांनी आणखी एक शहाणपण केलंय. 6 डिसेंबर 2018 ला आलेल्या ‘2018 एडिशन’ने आयातीचे मार्ग लिहायची पद्धत बदलली. पण जुना कोड मोडला नाही. प्रत्येक प्रोग्रॅम आपण कुठल्या एडिशनचे ते आपल्या कपाळावर लिहितो. 2015 ची पद्धत पाळणारा कोड आजही चालतो, नव्याच्या मांडीला मांडी लावून. नियम बदलताना रेघ मारली: इथून पुढे हे, त्याआधीचं आहे तसं.

हे वाचताना मला टिळक रोड आठवला. साहित्य परिषदेच्या दारावरून मी अर्धं आयुष्य ये-जा केली. पुण्याला लेखन तपासायची हौस फार जुनी. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी इथे बसून सरकारी शाळांच्या पुस्तकांची मराठी तपासत. आपली विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय त्यांचंच. साहित्य परिषद ज्याची घटक संस्था आहे त्या मराठी साहित्य महामंडळाने आज आपण पाळतो ते लेखननियम केले. 1962 मध्ये चौदा, 1972 मध्ये आणखी चार. उच्चारात नसलेले अनुस्वार त्यांनी काढून टाकले. ‘नांव’चं ‘नाव’ झालं, ‘दांत’चा ‘दात’.

तो अनुस्वार म्हणजे शब्दाच्या आयातीची खूण होती. ‘नाम’मधला म, ‘दन्त’मधला न. खूण गेली, तरी लिहिणं लाखो पोरांना सोपं झालं, आणि मी त्याच पोरांतला एक आहे. पण महामंडळानेही रेघ मारलीच. चिपळूणकरांच्या आधीचं गद्य आणि केशवसुतांच्या आधीचं पद्य छापायचं तर ते मुळाप्रमाणेच छापायचं, असा नियम त्या अठरांतच आहे.

आता वही. 2006 साली वडिलांनी आजोबांची चाळीसच्या दशकातली हिशेबाची वही मला टाइप करायला दिली. मी बरहावर बसून अक्षर न् अक्षर उतरवलं. मग मला ती ‘अशुद्ध’ वाटली. मी फाइंड-रिप्लेस मारून मात्रेवरचे सगळे अनुस्वार उडवले. ‘शेंगा’च्या ‘शेगा’ झाल्या, त्या डोळ्यांना खुपल्या म्हणून हाताने परत केल्या. बाकी सगळं गुळगुळीत.

वहीत एके ठिकाणी आहे की आजीचे सोने आणि दोनशे रुपये चुलत्यांना दिले. चार महिन्यांनी एक ओळ: ‘ते परत मिळाले.’

आजोबांनी ‘तें परत मिळालें’ लिहिलं असेल, तर सोनं आलं. ‘ते परत मिळाले’ लिहिलं असेल, तर रुपये. बोलताना आपण अजून ‘मिळालं’ आणि ‘मिळाले’ वेगळं म्हणतो. कागदावर तो फरक एका टिंबात होता, आणि ते टिंब मी उडवलं. मूळ वहीला पुढे वाळवी लागली. आमच्या घरात म्हणतात सोनं कधी आलंच नाही. चुलत घरात म्हणतात, आलं होतं. दोन्ही घरांत लग्नाच्या पत्रिका जातात, माणसं जात नाहीत.

ऑफिसचं निस्तरता आलं. आता नियम फक्त नव्या फायलींना लावलाय. जुन्या कोडला हात लावायचा तर कारण लिहून, आणि आधी जोडीदार-नियम वाचून. ज्यांनी नियम केले त्यांनी जुन्यासाठी जागा सोडली होती. रस्टने सोडली, महामंडळानेही सोडली. ती बुजवली माझ्यासारख्या उत्साही माणसाने.

वडील गेल्या वर्षी गेले. शेवटी शेवटी त्यांनी एकदा विचारलं होतं, ‘तू उतरवलंस तेव्हा त्या ‘ते’वर टिंब होतं का रे?’

मला आठवत नव्हतं.