आर्नल्ड वृक्षोद्यान

अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यात, बॉस्टन शहराच्या जमेका प्लेन व रॉझलिंडेल या भागांत पसरलेले हार्व्हर्ड विद्यापीठाचे वृक्षोद्यान. क्षेत्रफळ २८१ एकर (सुमारे ११४ हेक्टर). व्यापारी जेम्स आर्नल्ड यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या निधीतून १८७२ मध्ये स्थापना. १८८२ च्या करारानुसार जमीन शहराची झाली आणि शहराने ती वर्षाला एक डॉलर भाड्याने, तब्बल १,००० वर्षांसाठी विद्यापीठाला दिली. झाडांच्या आयुष्याला शोभेल अशी ही मुदत आहे. जमीन शहराची असल्यामुळेच सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कोणीही येथे विनाशुल्क फिरू शकते.

रस्त्यांची आखणी उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व पहिले संचालक चार्ल्स स्प्रेग सार्जंट यांची. झाडे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथॅम व हूकर यांच्या वर्गीकरणाप्रमाणे कुलवार लावलेली आहेत. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१–०८) याच क्रमाने रचला. त्यामुळे तो हाताळलेल्या मराठी अभ्यासकाला येथली वाट ओळखीची वाटेल. कुलवार झाडांची फेरी हनेवेल इमारतीजवळ मॅग्नोलियापासून सुरू करावी आणि रमतगमत दक्षिणेकडे सूचिपर्णी वृक्षांपर्यंत जावे. प्रत्येक झाडाला लहानशी धातूची पट्टी असते. तिच्यावर नाव, नोंदणी क्रमांक आणि झाड मुळात कुठून आणले ते दिलेले असते. या पट्ट्या न वाचता पुढे जाणाऱ्याची निम्मी सहल वाया जाते. मेटासेक्वोया हा वृक्ष आधी केवळ जीवाश्मांवरून माहीत होता. तो चीनमध्ये जिवंत सापडल्यावर १९४८ च्या आरंभी त्याचे बी येथे आले, आणि त्यापासून वाढलेली झाडे आज खोडाला मिठी मारता येणार नाही एवढी झाली आहेत.

मे महिन्यात लायलॅकच्या बहराला गर्दी लोटते. बॉस्टनचे क्षितिज पाहायचे तर पीटर्स टेकडी चढावी. हेमलॉक टेकडीवरच्या मूळच्या हेमलॉक वृक्षांना मात्र जपानहून आलेल्या, कापसासारखे पुंजके करणाऱ्या एका सूक्ष्म किडीने ग्रासले असून तेथील विरळ झालेली सावली पाहून वाईट वाटते.

फॉरेस्ट हिल्स रेल्वेस्थानकाला लागून असलेले बसी ब्रूक मेडो उद्यानाच्या इतर भागांहून वेगळे आहे. येथे काही लावलेले नाही. दलदल, ओढा आणि आपोआप रुजलेली झाडेझुडपे तशीच राखली आहेत. वनस्पती स्वतःहून जागा कशी व्यापतात याचा अभ्यास तेथे चालतो आणि मधून एक पायवाट जाते. प्रवेश याच बाजूने करणे उत्तम : आधी मोकाट रान पाहावे, मग कुलवार लावलेली झाडे.