थाट (संगीत)

थाट (ठाठ असेही लिहितात) ही हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतात रागांचे वर्गीकरण करण्यासाठी वापरली जाणारी स्वरचौकट आहे. सप्तकातील सात स्वरांची क्रमवार मांडणी म्हणजे थाट, आणि त्या मांडणीशी जुळणारे राग त्या थाटातील मानले जातात. आज प्रचारात असलेली दहा थाटांची पद्धत पंडित विष्णू नारायण भातखंडे (१० ऑगस्ट १८६० – १९ सप्टेंबर १९३६) यांनी मांडली. महाराष्ट्रातील संगीत विद्यालयांत आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत विद्यार्थ्याला रागाची माहिती देताना प्रथम त्याचा थाट सांगावा लागतो.

नाव आणि संकल्पना

संस्कृत ग्रंथांत याच अर्थी 'मेल' किंवा 'मेळ' हा शब्द येतो. सतारीसारख्या वाद्यावर विशिष्ट राग वाजवण्यासाठी पडद्यांची जी मांडणी केली जाते तिला 'थाट' म्हणतात. वर्गीकरणाची संज्ञा त्याच शब्दावरून रूढ झाली.

सप्तकात एकूण बारा स्वरस्थाने आहेत. त्यांपैकी षड्ज (सा) आणि पंचम (प) अचल आहेत. ऋषभ (रे), गांधार (ग), धैवत (ध) आणि निषाद (नि) यांची शुद्ध व कोमल, तर मध्यमाची (म) शुद्ध व तीव्र अशी दोन रूपे होतात. पाच चल स्वरांचे प्रत्येकी एकच रूप घेतल्यास ३२ मांडण्या शक्य होतात. त्यांपैकी प्रचलित राग ज्यांत बहुतांशी सामावतील अशा दहा मांडण्या भातखंडे यांनी निवडल्या.

थाटाचे नियम पुढीलप्रमाणे सांगितले जातात:

- थाटात सातही स्वर असले पाहिजेत.
- ते क्रमाने आले पाहिजेत.
- थाटाला केवळ आरोह असतो. अवरोहाची आवश्यकता नसते.
- थाट रंजक असण्याची गरज नसते, कारण तो गायला किंवा वाजवला जात नाही.
- थाटाला त्यातील एखाद्या प्रसिद्ध रागाचे नाव दिले जाते.

राग मात्र रंजक असावाच लागतो. त्यात पाच, सहा किंवा सात स्वर असू शकतात, त्याचे आरोह-अवरोह वेगळे असू शकतात, आणि वादी, संवादी, चलन व गानसमय यांनी त्याचे रूप निश्चित होते. म्हणून कल्याण हा थाट आणि त्या थाटातील एखादा राग या भिन्न गोष्टी आहेत.

दहा थाट

- बिलावल: सर्व स्वर शुद्ध
- कल्याण: मध्यम तीव्र
- खमाज: निषाद कोमल
- काफी: गांधार, निषाद कोमल
- आसावरी: गांधार, धैवत, निषाद कोमल
- भैरवी: ऋषभ, गांधार, धैवत, निषाद कोमल
- भैरव: ऋषभ, धैवत कोमल
- पूर्वी: ऋषभ, धैवत कोमल, मध्यम तीव्र
- मारवा: ऋषभ कोमल, मध्यम तीव्र
- तोडी: ऋषभ, गांधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र

इतिहास

मुंबईतील वाळकेश्वर येथे जन्मलेले भातखंडे व्यवसायाने वकील होते. त्यांच्या काळी रागविद्या घराण्यांच्या तोंडी परंपरेत होती. एकाच रागाचे नियम वेगवेगळे उस्ताद वेगवेगळे सांगत, आणि जुने संस्कृत ग्रंथ प्रत्यक्ष गायनाशी जुळत नसत. भातखंडे यांनी देशभर प्रवास करून गायकांकडून बंदिशी मिळवल्या व ग्रंथालयांतील हस्तलिखिते तपासली. १९०४ मधील दक्षिण भारताच्या प्रवासानंतर सतराव्या शतकातील व्यंकटमखी यांच्या 'चतुर्दंडीप्रकाशिका' या ग्रंथातील ७२ मेळांच्या योजनेचा त्यांच्या विचारांवर मोठा प्रभाव पडला. कर्नाटक संगीतातील मेळपद्धती याच योजनेवर उभी आहे. दहाही थाटांना तेथे समांतर मेळ आढळतात. उदाहरणार्थ, भैरव थाटाचे स्वर मायामालवगौळ या पंधराव्या मेळाचे आहेत.

आपली पद्धत त्यांनी 'चतुरपंडित' या नावाने लिहिलेल्या 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' या संस्कृत ग्रंथात मांडली. पुढे गुरू-शिष्य संवादाच्या रूपातील 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' या चार भागांच्या मराठी ग्रंथात तिचे विस्ताराने विवेचन केले. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत बंदिशी स्वरलिपीसह थाटवार दिल्या आहेत. १९१६ मध्ये बडोदे येथे भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद आणि १९२६ मध्ये लखनौ येथे सुरू झालेले मॅरिस कॉलेज यांमुळे ही पद्धत शिक्षणक्रमात स्थिरावली.

रागाचे श्रवण आणि थाट

थाट ओळखता आल्याने श्रोत्याला रागाची स्वरसामग्री कळते. राग ओळखण्यासाठी तेवढे पुरेसे नसते. याची दोन उदाहरणे नेहमी दिली जातात.

भूप (भूपाली) आणि देसकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर आहेत. भूपात गांधार वादी व धैवत संवादी असतो, विस्तार सप्तकाच्या पूर्वांगात होतो आणि तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देसकारात धैवत वादी व गांधार संवादी असतो, जोर उत्तरांगावर असतो आणि तो सकाळचा राग आहे. या रागांत मध्यम व निषाद नसल्यामुळे केवळ स्वरांवरून थाट ठरत नाही. चलन पाहून भूप कल्याण थाटात आणि देसकार बिलावल थाटात ठेवला आहे.

मारवा, पूरिया आणि सोहनी हे तिन्ही राग मारवा थाटातील आहेत. तिन्हींत पंचम वर्ज्य आहे आणि उरलेले सहा स्वर तेच आहेत. मारव्यात ऋषभ व धैवत प्रबळ असतात आणि षड्जावरचा विसावा लांबवला जातो. पूरियात गांधार व निषादाला महत्त्व असून त्याचा विस्तार मंद्र सप्तकात खुलतो. सोहनी तार सप्तकाकडे झेपावते व उत्तररात्री गायली जाते. हे तीन राग लागोपाठ ऐकल्यास कोणत्या स्वरावर थांबायचे व कोणता ओझरता घ्यायचा यातून रागाचे व्यक्तिमत्त्व कसे घडते, ते नवख्या श्रोत्यालाही जाणवते.

मर्यादा आणि आक्षेप

दहा थाटांच्या चौकटीत सर्व राग बसत नाहीत. कोमल ऋषभ व कोमल निषाद घेणारा अहिर भैरव स्वरांच्या दृष्टीने कोणत्याच थाटाशी जुळत नाही. भैरवाच्या अंगामुळे तो भैरव थाटात मानतात. कोमल गांधार व तीव्र मध्यम असलेली मधुवंती, तसेच कर्नाटक संगीतातून आलेले चारुकेशी व कीरवाणी हे रागही चौकटीबाहेर राहतात.

काही रागांबाबत मतभेद आहेत. भातखंडे यांनी ललित मारवा थाटात ठेवला. प्रचारात बहुतेक कलावंत त्यात कोमल धैवत घेतात, म्हणून तो पूर्वी थाटात मानणारा पक्षही आहे. आसावरी कोमल ऋषभाने गाणाऱ्या परंपरेत त्या रागाचे स्वर भैरवी थाटाचे होतात. म्हणजे ज्या रागावरून थाटाला नाव मिळाले, तोच राग त्या थाटाबाहेर जातो. मैफलीच्या अखेरीस गायली जाणारी भैरवी तर अनेकदा बाराही स्वरांचा वापर करते.

या उणिवांमुळे विष्णू दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी रागांग पद्धती पुढे आणली. तीत स्वरसंख्येऐवजी रागाची ओळख पटवणाऱ्या स्वरसमूहांवर भर असून ३० रागांगे मानली आहेत. भैरव, सारंग, मल्हार, कानडा अशी कुळे कलावंतांच्या बोलण्यात रूढ असल्याने ही पद्धत प्रत्यक्ष गायनाला अधिक जवळची मानली जाते. मात्र एखाद्या रागात कोणते अंग प्रधान आहे हे ठरवण्यासाठी अनुभवी कान लागतो. थाट स्वर मोजून सांगता येतो, त्यामुळे प्राथमिक शिक्षणात त्याचे स्थान टिकून आहे.

हेही पाहा

- राग
- स्वरलिपी
- वादी-संवादी
- मेळकर्ता राग
- विष्णू नारायण भातखंडे